मोहफुलांचा पानगा

मोहफुलांचा पानगा : सुकविलेली मोहफुले शिजवून व कुटून, ती तांदळाच्या, गव्हाच्या अथवा ज्वारीच्या पिठात कालवून, त्या गोळ्याची जाड थापी पळसपानांत मिटवून निखाऱ्यांत भाजली असता जो तांबूस, जड आणि मधुर वासाचा पदार्थ सिद्ध होतो, तो. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनप्रदेशात, जेथे साखर अलीकडच्या पिढ्यांपर्यंत बाजारहाटाची व म्हणून पैशाची वस्तू होती, तेथे सणावारी घरात गोड व्हावे ही आकांक्षा ज्या थोड्या पदार्थांनी पुरविली, त्यांत मोहफुलांच्या पदार्थांचे स्थान प्रथम आहे.

नावाविषयी एकवाक्यता नाही. ‘पानगा’ हा शब्द वऱ्हाड-नागपूरकडे पळसपानांत दाबून गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या गव्हाच्या पदार्थास रूढ आहे. छत्तीसगढला लागून असलेल्या कोरची-कुरखेडा भागात, जेथे छत्तीसगढी बोलणारी वस्ती बरीच आहे, पानांत भाजलेल्या भाकरीस ‘अंगाकर’ म्हणतात. अन्यत्र नुसते ‘मोहाची भाकर’ म्हटले तरी भागते. प्रस्तुत नोंदीत पानगा हे नाव कृतीच्या साम्यावरून योजिले आहे. संस्कृत मधूक, हिंदी महुआ, तेलुगू इप्प, तमिळ इलुप्पै व गोंडी इरुप किंवा इरुक ही फुलाची व झाडाची नावे असून, त्यांपैकी शेवटच्या तीन नावांचे परस्परसाम्य उघड आहे.

वृक्ष व फूल : मोह (मधुका लॉंगिफोलिया) हा चिकू, बकुळ व खिरणी यांच्या कुलातील, म्हणजे सॅपोटेसी कुलातील, दीर्घायुषी वृक्ष. फाल्गुन-चैत्रात, जुनी पाने गळून नवी यावयाची असताना, निष्पर्ण फांद्यांच्या टोकांशी फुलांचे झुबके येतात आणि रात्रीच्या उत्तरार्धापासून सकाळपर्यंत त्यांचा सडा पडत राहतो. गळून पडतो तो वस्तुतः फुलाचा मांसल, फिकट पिवळसर पुष्पमुकुट. बीजकोश झाडावरच राहतो व त्याचे पुढे फळ होते. फूल वेचल्याने फळाची हानी होत नाही, आणि एकाच झाडापासून उन्हाळ्याच्या आरंभी साखर व पावसाळ्याच्या तोंडी टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल अशी दोन्ही लाभतात. पानग्याच्या पानास पुसावयाचे तेल पुष्कळ घरी याच झाडाचे असते. सुक्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो व तीत द्राक्षशर्करा, फलशर्करा आणि इक्षुशर्करा या तिन्ही आढळतात.

संकलन : पहाटे अंधारात स्त्रिया व मुले टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला की गुरे, हरणे, माकडे आणि अस्वले आपला वाटा उचलतात. ताडोबाच्या परिसरात व ब्रह्मपुरीच्या वनांत या हंगामात वाकून फूल वेचणाऱ्या माणसावर वाघाने हल्ला केल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि त्यांत मृत्यूही झाले आहेत. ज्या गोडाची ही नोंद आहे त्याचे मोल ठरविताना ही गोष्ट विसरता येत नाही. फूल नीट दिसावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची चाल आहे. तिच्यामुळे वणवे लागतात असे वनखात्याचे म्हणणे असून, झाडाखाली जाळी बांधण्याचा उपाय सुचविला गेला आहे. वेचलेले फूल सारवलेल्या अंगणात तीन-चार दिवस पसरले की आक्रसते, प्रथम पिवळट व मग तांबूस-तपकिरी होते, आणि हातात घेतले असता मनुकेसारखे चिकट लागते.

कृती : सुके फूल प्रथम हलके कुटून किंवा दोन्ही तळहातांत चोळून पाखडतात, म्हणजे आतील केसर झडून जातात. ही पायरी गाळली तर पदार्थास कडवट चव येते व घशास खवखव सुटते. मग फूल दोन-तीन पाण्यांनी धुऊन, बुडेल इतक्याच पाण्यात, मंद आचेवर, पाणी सर्व आटेपर्यंत शिजवितात. शिजलेले फूल टपोरे होते आणि त्याच्या उग्र वासाचा बराच भाग वाफेबरोबर निघून जातो. ते पाट्यावर वाटून किंवा उखळात कुटून त्याचा लगदा करावा, व त्यात मावेल तेवढे पीठ घालीत जावे. फुलाच्या अंगचा ओलावा पुरेसा असल्यामुळे पाणी बहुधा लागत नाही, आणि गूळ तर मुळीच लागत नाही. प्रमाण घरोघर वेगळे. सामान्यतः शिजलेल्या फुलाच्या बरोबरीने पीठ घेतले तर थापी हातावर धरते. पीठ कमी झाले तर ती पानास चिकटते, अधिक झाले तर कोरडी पडून फुटते. गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पीठ तांदळाचे असते, वरोरा-राजुऱ्याकडे ज्वारीचे किंवा गव्हाचे. सणाच्या दिवशी त्यात चारोळी, भाजलेले तीळ किंवा बिब्ब्याची गोडंबी घालतात.

थापी बोटभर जाड असावी. पळसाच्या दोन-तीन पानांना तेलाचे बोट पुसून, थापी त्यांत मिटवून, पान काडीने टोचतात आणि निखारे बाजूस सारून तापलेल्या भुईवर ती ठेवून वर राख व राखेवर निखारे पसरतात. मोहातील शर्करा उष्णतेने लवकर करपते, म्हणून उघड्या तव्यावर हा पदार्थ बाहेरून काळा व आतून कच्चा राहण्याचे भय असते. पान जळेपर्यंत आतील वाफ थापीस शिजवीत राहते आणि पान जळू लागले की पृष्ठभागास रंग चढतो, अशी ही दुहेरी क्रिया एकाच वेष्टनाने साधते. भट्टीवाचून भाजण्याची याहून सोपी रीत आढळणे कठीण. अर्ध्या घटकेनंतर एकदा उलटून, पान सर्व बाजूंनी कोळपले म्हणजे पानगा झाला असे समजतात. तो गरम खाण्यापेक्षा निवाल्यावर खाण्यात गोडी अधिक आहे, कारण निवताना त्यातील पाक आळतो.

येथे एक बारकावा नोंदण्याजोगा आहे. मोहाचा सडा पडू लागतो तेव्हा पळस निष्पर्ण असून केवळ फुलांनी पेटलेला असतो. त्याची नवी पाने रुंद व चिवट होईपर्यंत वैशाख उजाडतो. म्हणून ताज्या फुलाचा हंगाम आणि पानग्याचा हंगाम एक नव्हे. ताजे फूल भाजून, उकडून किंवा भाताबरोबर खाल्ले जाते. पानगा हा सुक्या, साठविलेल्या फुलाचा, आणि म्हणून पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या सणांचा पदार्थ ठरतो.

दप्तरातील मोह : मोहाविषयी सरकारी कागद विपुल आहेत, आणि त्यांतील बहुतेक सर्व मद्याविषयी आहेत. चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्याचा मेजर ल्यूसी स्मिथ यांचा बंदोबस्ताचा अहवाल १८६९ चा; त्यानंतर १९०९ साली जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. मध्यप्रांतात देशी दारू मुख्यत्वे मोहापासून गाळली जात असल्यामुळे या फुलाची गणना महसुलाच्या बाबींत झाली : भट्ट्यांचा मक्ता, लिलाव, परवाने, आणि पुढे मक्त्याच्या भट्ट्यांच्या जागी मध्यवर्ती आसवनी. कॅप्टन फॉर्सिथ यांच्या मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरील १८७१ च्या ग्रंथात हे फूल अन्न म्हणूनही येते; रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या चार खंडांत ते वारंवार येते, परंतु अधिक करून विवाहमंडप व मद्य यांच्या संबंधात. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत मोहफुलांनी वनवासी जनतेस तारले ही गोष्ट मान्य आहे. दुष्काळात खाल्ले जाते ते हलके अन्न, अशी समजूत मात्र तेव्हापासून दृढ झाली, आणि सणाच्या ताटातील त्याच फुलाकडे लिहिणाऱ्यांचे लक्ष गेले नाही. प्रस्तुत नोंदकाराच्या मते ही केवळ उणीव नसून अन्याय आहे; ज्या फुलाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातावर गोड ठेवले, त्याची ओळख कागदोपत्री गुन्ह्याच्या मुद्देमालापुरती उरावी, हे उचित नव्हे.

मालगुजारीच्या काळात गावाच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे रूढी व हक्कांच्या नोंदपत्रात, रयतेच्या निस्ताराचे, म्हणजे घरगुती गरजांपुरते वनोपज घेण्याचे, हक्क नोंदलेले असत, व फळझाडांच्या उपभोगाचा प्रश्न त्यांत येई. १९५१ साली मालगुजारी गेली. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा येथेही लागू झाला. त्यात मोहफुलांची व्याख्या देऊन त्यांच्या साठ्यावर व वाहतुकीवर निर्बंध घातलेले होते. फलतः पानग्यासाठी कणगीत ठेवलेले फूल व भट्टीसाठी ठेवलेले फूल यांत भेद करणे अंमलदाराच्या मर्जीवर राहिले. १९९३ पासून गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. ती स्त्रियांच्या व गावांच्या चळवळीतून आली, आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचा त्या चळवळीशी निकट संबंध होता. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. दोन्ही निर्णयांविषयी मतभेद आहेत व त्यांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. २०२१ मध्येच महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध काढून टाकले, ही पाकशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना होय.

वनहक्कांच्या २००६ च्या कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. अशी मान्यता मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. गौण वनोपजावरील ग्रामसभेची मालकी तेव्हापासून या दोन्ही जिल्ह्यांत पुष्कळ गावांस प्राप्त झाली. सुक्या मोहफुलांची केंद्र शासनाने ठरविलेली किमान आधारभूत किंमत २०२० मध्ये किलोमागे १७ रुपयांवरून ३० रुपये करण्यात आली. बचत गट या फुलांचे लाडू व सरबत करून विकतात.

स्त्रियांचे ज्ञान हे या विषयाचे खरे दप्तर आहे. डॉ. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात गडचिरोलीच्या स्त्रियांनी वृक्षांविषयी सांगितलेली माहिती संकलित झाली आहे, आणि झाडाकडे इमारती लाकूड वा महसूल म्हणून न पाहता मैत्रीण म्हणून पाहणारी दृष्टी तीत व्यक्त होते. गोईण या शब्दाचा अर्थच जिवलग मैत्रीण असा आहे.

सण व विधी : नव्या फुलाचा, फळाचा किंवा धान्याचा पहिला वाटा देवास व पूर्वजांस दिल्यावाचून आपण खाऊ नये, असा गोंड व माडिया समाजांत दंडक असून, अशा नव्याच्या सणांना पंडुम म्हणतात.

क्रॅनबेरीशी तुलना : नाताळच्या केकमध्ये घालावयाची सुकी क्रॅनबेरी आता या जिल्ह्यांतील शहरी दुकानांतही पाकिटबंद मिळते, आणि तिच्या जागी मोहफूल वापरता येते, म्हणून हा उल्लेख. क्रॅनबेरी ही उत्तर अमेरिकेच्या थंड, आम्लधर्मी दलदलीतील सरपटती वेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विस्कॉन्सिन व मॅसॅच्युसेट्स येथे तिची मोठी लागवड आहे. तिचे फळ इतके आंबट असते की सुकविताना त्यास साखरेच्या पाकात मुरवावे लागते. मोहफुलाची प्रकृती याच्या अगदी उलट : त्यात गोडी आहे, आंबटपणा नाही. ज्यांस केक करावयाचा असेल त्यांनी क्रॅनबेरीच्या जागी केसर काढून वाफविलेले सुके मोहफूल बारीक चिरून घ्यावे, पाककृतीतील साखर निदान एक-तृतीयांश कमी करावी, आणि आंबटपणासाठी वनातच पिकणारी करवंदे किंवा थोडा चिंचेचा कोळ घालावा. चूल व जाड बुडाचे पातेले पुरे आहे. बुडाशी वाळू तापवून त्यावर डबा ठेवावा, झाकण लावावे व आच मंद ठेवावी, कारण करपण्याचा जो दोष पानग्याच्या बाबतीत सांगितला तोच येथेही संभवतो. रवा, दही, मोहफूल व चारोळी यांचा असा केक चुलीवर सुमारे पाऊण तासात होतो. त्यास मुद्दाम विकत आणावयाचे असे फारसे काही लागत नाही, आणि नाताळ साजरा करणाऱ्या घराप्रमाणेच न करणाऱ्या घरीही तो होऊ शकतो.

वाङ्मय : कालिदासाच्या रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवरप्रसंगी तिच्या हाती दूर्वांकित मधूकमाला आहे.

औषधी गुण : आयुर्वेदात मधूकपुष्प शीत, गुरू व बल्य मानिले आहे.

साठवण : सुके फूल बांबूच्या कणगीत किंवा मडक्यात, राखेने व मातीने तोंड लिंपून ठेवतात. पावसाळ्यात मधूनमधून ऊन दाखवावे लागते. हवा लागून फूल दमट झाले तर ते आंबते, आणि आंबलेले फूल पानग्याच्या उपयोगाचे राहात नाही.