चहा-कॉफी मशीन घेताय? दोन नळ बघून भुलू नका, आधी या गोष्टी तपासा

एसटी स्टँडजवळची टपरी, दूध संकलन केंद्र, बाजार समितीतलं हॉटेल, कॉलेजचा नाका. अशा ठिकाणी आता चहा-कॉफीचं मशीन दिसू लागलं आहे. एका नळातून चहा, दुसऱ्यातून कॉफी, बटण दाबलं की कप भरला. विकणारे याला 'टू लेन' किंवा 'टू ऑप्शन' मशीन म्हणतात. गॅस नको, उकळत बसणं नको, म्हणून अनेक छोटे व्यावसायिक आणि बचत गट याच्याकडे वळत आहेत. पण घाईत घेतलेलं मशीन पुढे कोपऱ्यात धूळ खात पडतं. त्यामुळे पैसे देण्याआधी पुढील बाबी समजून घेणं गरजेचं आहे.

मशीन चालतं कसं?

मशीनमध्ये पावडरचे दोन डबे असतात. एकात चहाचं प्रीमिक्स, दुसऱ्यात कॉफीचं. प्रीमिक्स म्हणजे दूध पावडर, साखर आणि चहा किंवा कॉफी यांचं तयार मिश्रण. बटण दाबलं की ठरावीक पावडर छोट्या भांड्यात पडते, वरून गरम पाणी येतं, पंखा ते घुसळतो आणि कप भरतो. पाणी तापवणारी टाकी, म्हणजे बॉयलर, मात्र बहुतेक छोट्या मशीनमध्ये एकच असतो.

दोन नळ म्हणजे दुप्पट कप नव्हेत

इथेच बरेच जण फसतात. दोन्ही नळांना पाणी एकाच बॉयलरचं मिळतं. 90 मिलीचा एक कप पाणी 25 अंशांवरून 85 अंशांपर्यंत तापवायला 2000 वॅटच्या कॉइलला साधारण 11 ते 12 सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त पाच कप. ते चहाचे असोत, कॉफीचे असोत की दोन्ही मिळून. कॉइल 1000 वॅटची असेल तर मिनिटाला अडीच कप.

बॉयलरमध्ये आधीच तापलेलं पाणी असल्यामुळे पहिले काही कप झटपट निघतात. गर्दी वाढली की मग कप कोमट येऊ लागतो. म्हणून नळ किती आहेत यापेक्षा बॉयलर किती लिटरचा आणि कॉइल किती वॅटची, हे आधी विचारा.

व्होल्टेज कमी, तर चहा थंड

गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, हे नवीन नाही. 230 व्होल्टला 2000 वॅट देणारी कॉइल 180 व्होल्टला सुमारे 1225 वॅटच देते. म्हणजे पाच कपांचे तीन कप होतात. नेमकी गर्दीची वेळ आणि व्होल्टेज पडण्याची वेळ एकच असेल तर थोडी मोठ्या बॉयलरची मशीन बरी पडते.

घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर 2000 वॅटचं मशीन चालत नाही. लाईट गेली की धंदा थांबणार, हे गृहीत धरून गॅसची शेगडी किंवा मोठा थर्मास जवळ ठेवावाच लागतो.

मशीन साध्या 6 अँपिअरच्या प्लगवर लावू नका. 2000 वॅटला जवळपास 9 अँपिअर करंट लागतो, त्यामुळे 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. स्टीलची बॉडी आणि पाणी एकत्र असल्याने अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर शॉकचा धोका बराच कमी होतो.

बोअरचं पाणी आणि क्षार

जड पाण्याने कॉइलवर पांढरा थर बसतो. थर जाड झाला की पाणी उशिरा तापतं आणि शेवटी कॉइल जळते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस 10500) क्षारता, म्हणजे टीडीएस, 500 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत योग्य मानली आहे. दुसरं पाणी नसेल तर 2000 पर्यंत चालते. मशीनसाठी मात्र जितकं कमी तितकं चांगलं. शुद्ध पाण्याचा 20 लिटरचा जार वापरणार असाल, तर मशीनला जारमधून पाणी ओढणारा पंप आहे का ते बघा. काही मशीनना थेट नळाची जोडणीच लागते.

चव आणि सफाई

चहा आणि कॉफी घुसळायची भांडी वेगळी आहेत का, हे उघडून बघा. भांडं एकच असेल तर चहाला कॉफीचा वास येतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. भांडी, पंखे आणि नळ्या रोज रात्री गरम पाण्याने धुवायच्या असतात. दूध पावडर साचून राहिली तर वास येतो, जंतूही वाढतात. पावसाळ्यात पावडर दमट होऊन गोळे होतात, म्हणून डब्यात एका दिवसापुरतीच भरावी. नुसत्या गरम पाण्याचं वेगळं बटण असेल तर सफाई सोपी होते.

कपाचा हिशोब

समजा, प्रीमिक्स 320 रुपये किलो आहे आणि एका कपाला 13 ग्रॅम लागतं. किलोत 76 कप निघतात, म्हणजे कपाला सव्वाचार रुपये. त्यात कागदी कप, पाणी आणि लाईटबिल मिळवा. हाच हिशोब घरच्या दुधाच्या चहाचा करून बघा. दुधाच्या पट्ट्यात ताज्या दुधाचा चहा स्वस्तही पडू शकतो आणि गिऱ्हाइकाला आवडतोही.

दहा कपांत एखादाच कॉफीचा जात असेल, तर कॉफीसाठी मशीन घेण्यात अर्थ नाही. गरम दूध आणि कॉफीची छोटी पुडी पुरते. दिवसाला 40-50 कपच विकले जात असतील, तर दोन चांगले थर्मास भागवतात.

फुकट मशीनची अट

काही विक्रेते डिपॉझिटवर किंवा फुकट मशीन देतात, पण दर महिन्याला ठरावीक किलो प्रीमिक्स त्यांच्याकडूनच घ्यायची अट असते. विक्री कमी झाली तरी माल उचलावा लागतो. करार नीट वाचा, डिपॉझिट परत कधी मिळणार हे लेखी घ्या.

पैसे देण्याआधी हे करा

- दोन्ही नळांतून सलग 20 कप काढून दाखवायला सांगा. विसावा कप पिऊन बघा, तो गरम हवा.
- बॉयलरचे लिटर आणि कॉइलचे वॅट बिलावर लिहून घ्या.
- दुरुस्तीचा माणूस कुठून येतो आणि किती दिवसांत, ते विचारा. तालुक्याच्या गावी कोणी नसेल तर विचार करा.
- बाजारातलं दुसरं प्रीमिक्स या मशीनमध्ये चालतं का, ते तिथेच टाकून बघा.
- पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड शिक्क्यासह घ्या.
- विक्री सुरू करण्याआधी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्या. टपरीलाही ती लागते.