मार्शली गर्भवतींची सामूहिक तपासणी : भाषा आणि इतिहास

सामूहिक गर्भवती-तपासणी ही पद्धती वैद्यकाच्या इतिहासात अलीकडची होय. मार्शली स्त्रियांच्या संदर्भात मात्र तिची पूर्वपीठिका १ मार्च १९५४ पर्यंत मागे न्यावी लागते. त्या दिवशी बिकिनी कंकणद्वीपावर अमेरिकेने १५ मेगाटन शक्तीचा ‘ब्राव्हो’ स्फोट घडविला आणि त्याची किरणोत्सारी राख राँगेलॅपवर पडली. १९४६ ते १९५८ या काळात मार्शल द्वीपसमूहात असे ६७ स्फोट झाले. राँगेलॅपच्या रहिवाशांना हलविण्यात आले, १९५७ मध्ये परत नेण्यात आले, आणि पुढे कित्येक वर्षे अमेरिकन वैद्यकांची पथके त्यांना तपासत राहिली. ही तपासणी उपचारासाठी की निरीक्षणासाठी, हा संशय त्यांच्या मनातून कधीच गेला नाही.

१९९५ मध्ये राँगेलॅपच्या लिजॉन एकनिलांग यांनी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे साक्ष दिली. तीत त्यांनी स्त्रियांच्या गर्भपातांचे आणि विकृत अपत्यजन्मांचे वर्णन केले. अशा अपत्यांसाठी मार्शली भाषेत शब्दच नव्हते, म्हणून स्त्रियांना कासव, अष्टपाद अशा परिचित प्राण्यांच्या नावांचा आधार घ्यावा लागला. भाषाभ्यासकाने या साक्षीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. जे पूर्वी घडलेच नव्हते, त्याला शब्द कोठून असणार?

१९८६ च्या करारान्वये मार्शली नागरिकांना अमेरिकेत व्हिसावाचून राहण्याची मुभा मिळाली. आर्कान्सासमधील स्प्रिंगडेल येथे, कोंबडीमांसाच्या कारखान्यांच्या आश्रयाने, त्यांची मोठी वसाहत उभी राहिली. तथापि १९९६ च्या कायद्याने त्यांचा सरकारी वैद्यकसाहाय्याचा हक्क काढून घेतला. तो डिसेंबर २०२० मध्ये परत मिळाला. या चोवीस वर्षांत अनेक गर्भवतींना वेळेवर तपासणी दुर्लभ झाली.

१९९० नंतरच्या दशकात शॅरॉन शिंडलर रायझिंग या परिचारिका-सुईणीने सामूहिक तपासणीची पद्धती रूढ केली. तीत जवळपास एकाच सुमारास प्रसूत होणाऱ्या आठ ते बारा स्त्रिया वर्तुळात बसतात, आपले वजन व रक्तदाब स्वतः मोजून नोंदवितात आणि मग शंका बोलून दाखवितात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,०४७ स्त्रियांच्या चाचणीत अकाली प्रसूतीचे प्रमाण १३·८ टक्क्यांवरून ९·८ टक्क्यांवर आलेले आढळले. पुढील सर्वच चाचण्यांनी मात्र या निष्कर्षास दुजोरा दिलेला नाही.

आर्कान्सासमधील संशोधकांनी ही पद्धती मार्शली स्त्रियांसाठी अनुकूल करण्याचे काम हाती घेतले. येथे केवळ भाषांतर पुरेसे नाही. मार्शली समाज मातृवंशीय असून ‘ब्विज’ म्हणजे मातृकुळ हा भूमिहक्काचाही आधार आहे. अशा समाजात गर्भारपणाचे ज्ञान आई, आजी, मावशी यांच्या संभाषणातून वाहत येते. बंद खोलीतील एकट्या स्त्रीपुढे दुभाष्याने ठेवलेला प्रश्न त्या प्रवाहाबाहेरचा ठरतो. समभाषी स्त्रियांचे वर्तुळ त्याच्या जवळ जाते.

म्हणून या प्रयोगाचे मोल केवळ टक्केवारीने ठरविणे अपुरे होईल. ज्यांच्या देहाच्या नोंदी दीर्घकाळ इतरांनी ठेवल्या, त्यांच्या लेकी-नाती येथे स्वतःची नोंद स्वतः करतात आणि तिचा अर्थ स्वभाषेत विचारतात. वर्तुळाने अकाली प्रसूती किती टळल्या, हे वैद्यकाने ठरवावे. त्याने कोणते मौन भंगले, हे पाहणे भाषेच्या इतिहासकाराचे काम आहे.