खाजनाचा बांध आणि बांधाबाहेरची झाडे

पाणथळ जागा पुन्हा जिवंत करायची तर तिथली देशी झाडेझुडपे लावावीत, हे आज शाळकरी मूलही सांगेल. गोव्यात मात्र हे विधान आहे तसे स्वीकारता येत नाही. इथे आधी विचारावे लागते, बांधाच्या कोणत्या बाजूला? वाचकहो, आपल्यापैकी ज्यांची घराणी तिसवाडी, बारदेश, साष्टी किंवा फोंड्याकडची आहेत, त्यांच्या आजोबांना हा प्रश्न समजावून द्यावा लागला नसता. आपल्याला तो समजून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मांडवी आणि जुवारी या नद्यांत भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा कितीतरी आतवर चढते. त्या पाण्याखाली जाणारी काठची सपाट, चिखलट जमीन मुळात खारफुटीची. ती बांध घालून अडवली आणि पावसाच्या पाण्याने धुऊन भातशेतीला लावली, तिला आपण खाजन म्हणतो. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगितले जाते. हा उद्योग किती जुना? बांदोडे येथे सापडलेल्या कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचे दान आहे. हा लेख साधारण सहाव्या-सातव्या शतकातला मानतात. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द राजाच्या दप्तरात रुळलेला होता.

बांध बांधला म्हणजे काम संपले असे नव्हे. तो दरवर्षी राखावा लागतो, आणि ते एकट्या कुळाचे काम नाही. म्हणूनच गोव्याची गांवकरी आणि खाजन यांचा विचार वेगळा करताच येत नाही. १५२६ मध्ये आफोंसु मेशियाने गांवकरीचे रीतिरिवाज लेखी नोंदवले, त्यामुळे ती संस्था पोर्तुगीजांनी निर्माण केली असा समज अजूनही काही सुशिक्षितांत आढळतो. त्यांनी फक्त कागद केला, व्यवस्था आधीचीच होती.

या व्यवस्थेचे मर्म मानसात आहे. मानस म्हणजे बांधातला लाकडी फळ्यांचा दरवाजा. ओहोटीला आतले पाणी फळ्या ढकलून नदीत उतरते, भरती आली की नदीचेच पाणी त्या फळ्या दाबून बंद करते. माणसाने हात लावायची गरज नाही. आत पोंय असते, तिथे पाणी साठते आणि मासळी वाढते. मानशीच्या मासळीच्या लिलावातून गावाला पैसा मिळे. शेतात कोरगुट, आसगो ही खारेपणा सोसणारी भाते. चिखल, चिरे, गवत, बांबू यांचा तो बांध पाहून परक्या अभियंत्याला हसू येईल, पण तो शतकानुशतके टिकला.

टिकला त्याचे एक कारण बांधाच्या बाहेर उभे होते. नदीकडच्या अंगाला तिवर, कांदळ आणि त्यांच्या पायाशी मारांडी, काजळा यांची रांग राखलेली असे. कांदळाच्या कमानीसारख्या मुळ्यांत आणि तिवराच्या चिखलातून वर आलेल्या श्वासमुळ्यांत लाटेचा जोर मोडतो, गाळ बसतो, बांधाचा पाया धुपत नाही. पण तेच बी मानशीतून आत शिरून भातखाचरात रुजले, तर शेतकरी ते कोवळेपणीच उपटून टाकी. झाड तेच, बाहेर राखणदार आणि आत घुसखोर. या विवेकात मला त्या संस्कृतीची खरी विद्वत्ता दिसते. ग्रंथात ती फारशी उतरली नाही, हे आपल्या साहित्यसंस्थांनीही मनावर घ्यायला हवे होते.

पुढे हे तंत्र विस्कटले. गेल्या शतकाच्या मध्यापासून खनिजाच्या बार्जी मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवेच्या कालव्यातून धावू लागल्या, त्यांच्या लाटांनी बांध धुपले. १९६४ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, ते न्याय्यच होते. पण बांध कोणी राखायचा, गांवकरीने, कुळांच्या संघटनेने की सरकारी खात्याने, हे प्रत्यक्षात धूसर झाले. बांध फुटला की एकमेकांकडे बोट दाखवायचे. तोपर्यंत खारे पाणी शेतात, आणि पाण्याबरोबर तिवराचे बी. काही वर्षांत भाताच्या जागी दाट खारफुटी उभी राहते. तिला मग १९८४ चा वृक्षरक्षण कायदा आणि १९९१ पासूनची किनारी नियमावली संरक्षण देते. आकाशातून पाहणाऱ्याला हिरवळ वाढलेली दिसते. २०२१ च्या वनसर्वेक्षण अहवालात गोव्याची खारफुटी सुमारे २७ चौरस किलोमीटर आहे. त्या आकड्यात बांधाबाहेरची किती आणि फुटलेल्या खाजनातली किती, हे एकत्रच मिसळलेले असते.

मी खारफुटीच्या विरोधात नाही. चोडणच्या पश्चिम टोकाला १९८८ मध्ये सलीम अली पक्षी अभयारण्य झाले, पावणेदोन चौरस किलोमीटरचे. ते आज नसते तर मांडवीचे मुख केवढे उजाड दिसले असते! दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या डॉ. अरविंद उंटवाले यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ही झाडे रोपवाटिकेत कशी वाढवावीत याचा अभ्यास केला, तेव्हा खारफुटीला लोक केवळ सरपण समजत होते.

लागवड दिसते तितकी सोपीही नाही. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि हिरव्या शेंगेसारखे लोंबते. ते नुसते चिखलात खोचले तरी चालते. म्हणून उत्साही मंडळी जिथे तिथे कांदळच खोचतात. पण कुठे भरती किती वेळ उभी राहते, पाणी किती खारे, चिखल किती मऊ, यावर झाड ठरते. उघड्या गाळपट्टीवर, जिथे पक्षी किडे-शिंपले टिपतात, तिथे तर झाड लावूच नये. तीही पाणथळच आहे, रिकामी जागा नव्हे. आणि जमिनीच्या अंगाला, खारे पाणी क्वचितच पोचते अशा कडेला करंज, केवडा शोभतात. करंजाचा पाला तर कोकणात शेताला घालत आलेच आहेत.

तेव्हा खाजनापुरता क्रम असा हवा. आधी बांध बुजवायचा आणि मानशीच्या फळ्या बदलायच्या. मग बांधाबाहेर तिवर-कांदळाची रांग लावायची, आणि आत रुजलेली वीतभर रोपे पहिल्याच वर्षी काढण्याची मुभा शेतकऱ्याला द्यायची. जिथे खाजन पडून जंगल पक्के वाढले आहे, तिथे ते राहू द्यावे की शेत परत आणावे, याचा निर्णय त्या गावाने घ्यावा. कुठल्याही गावात एखादा म्हातारा अजून असतो, ज्याला मानशीच्या फळीला कोणते लाकूड लागते आणि अमावास्येची भरती बांधाच्या कितव्या चिऱ्यापर्यंत चढते हे पाठ आहे. त्याला विचारायला जाणाऱ्याने वही घेऊन जावे.