भाडेपावतीवरचा न बदलणारा आकडा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी नात्यातल्या एका आजींकडून मला जुन्या भाडेपावत्यांचा गठ्ठा मिळाला. पुण्यातल्या एका पेठेतल्या वाड्यातलं दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि वर्षानुवर्षं तीच रक्कम. मी उत्साहाने लिहून टाकलं की स्वातंत्र्यानंतरच्या काळात पुण्यात मध्यमवर्गाला घर परवडत होतं. मार्गदर्शक मॅडमनी मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला: "याच वाड्यात 1955 साली नव्याने आलेल्या माणसाने काय दिलं असेल?" त्या प्रश्नात माझे आठ महिने गेले.

त्या काळचं पुणे म्हणजे पेन्शनरांचं, शाळा-कॉलेजांचं, तुलनेने लहान शहर. इथे वाडा बांधून मागच्या खोल्या भाड्याने देणं ही साध्या माणसाची गुंतवणूक होती. नोकरीतून उरलेले पैसे विटा-लाकडात घालायचे आणि म्हातारपणी भाड्यावर जगायचं. कितीतरी घरांत मालक मागे फक्त विधवा पत्नी असे आणि तिचं सगळं दोन-तीन बिऱ्हाडांच्या भाड्यावर चाले. मालक आणि भाडेकरू एकाच नळावर पाणी भरत. त्यामुळे "जमीनदार विरुद्ध कष्टकरी" अशी जी जोडी आपण पुस्तकांतून उचलतो ती इथे नीट बसत नाही. (गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने 1936-37 मध्ये केलेली पुण्याची पाहणी आणि 1956 साली प्रसिद्ध झालेली फेरपाहणी, दोन्ही जरूर वाचा.)

मग 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने बहुतेक जागांचं प्रमाण भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकलं. कारण खरं होतं. युद्धामुळे महागाई भडकली होती, बांधकाम थंडावलं होतं, फाळणीनंतर निर्वासित येत होते. मोकाट भाडेवाढीने लोक रस्त्यावर आले असते, हे मी आजही मान्य करते. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जाई. म्हणजे भाडं हे मालकाचं उत्पन्न कमी आणि भाडेकरूचा वारसा जास्त, असं होत गेलं.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येऊ. आत असलेल्याला स्वस्त, पण बाहेरून येणाऱ्याला? त्याच्यासाठी पागडी. कायद्याने पागडी घेणं गुन्हा होता, म्हणून ती पावतीवर नाही. समजा मासिक भाडं 15 रुपये आणि पागडी 2,000. पावती बघणाऱ्या संशोधकाला 15 दिसतात. पण नव्या माणसाने अकरा वर्षांहून जास्त भाड्याएवढी रक्कम आधीच मोजलेली असते. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत, कुठल्या नोंदीतले नाहीत.) घराची किंमत गोठली नव्हती, ती फक्त दिसेनाशी झाली होती. आणि ज्याच्याकडे रोख नाही, म्हणजे नुकताच गावाहून आलेला कारकून किंवा कामगार, त्याला ती सगळ्यात जड.

मी मग पालिकेच्या घरपट्टीच्या नोंदींकडे वळले. वाटलं, सरकारी कागद तरी खरं सांगेल. इथे दुसऱ्यांदा आपटले. घरपट्टी ठरायची ती घराला मिळू शकणाऱ्या वार्षिक भाड्यावरून, आणि हे भाडं प्रमाण भाड्यापेक्षा जास्त धरता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलं आहे. म्हणजे ज्या आकड्याची शहानिशा करायला मी गेले, त्याच आकड्यावर ही नोंदही उभी! दोन साधनं एकमेकांना दुजोरा देत होती, कारण दोन्हींचा उगम एकच कलम होतं. तुमच्या विषयात असं कुठे घडतंय ते एकदा तपासून बघाच. शिवाय गोठलेल्या घरपट्टीचा फटका शहराच्या तिजोरीलाही बसला, तो भाग आपल्याकडच्या चर्चेत फार कमी येतो.

मालकाने दुरुस्ती करणं थांबवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याने नवं घर भाड्यासाठी बांधणंच सोडलं. काहींनी 'लीव्ह अँड लायसन्स'ची पळवाट काढली. पण 1973 च्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारी 1973 रोजी तसं राहणाऱ्यांना थेट भाडेकरूचं संरक्षण दिलं. यातून मालकांनी घेतलेला धडा आजही अकरा महिन्यांच्या करारात जिवंत आहे. पैसा मालकीच्या फ्लॅटकडे वळला, तिथे विकलं की विषय संपतो. 2011 च्या जनगणनेत शहरी भारतात सुमारे 1 कोटी 10 लाख घरं रिकामी सापडली. त्या सगळ्यांचं कारण हा कायदा नाही, पण भाडेकरू ठेवण्याची भीती त्यात नक्की आहे.

1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली आणि पागडी कायदेशीर केली. 15 रुपयांवर 4 टक्के म्हणजे 60 पैसे, एवढीच ती वाढ.

पागडी शोधायला शेवटी मी त्या आजींकडेच परत गेले. "भाडं नाही, आत शिरायला काय दिलंत?" असं विचारलं. त्या आधी दाराकडे बघून घेतात, मग म्हणतात, "अगं, पाटल्या मोडल्या होत्या. सासूबाईंच्या." किती तोळे, कुठल्या साली, कोणाच्या हातात दिले, सगळं त्यांना पाठ होतं. तोवर मी त्यांना तीनदा भेटले होते. हा प्रश्न मात्र कधी विचारलाच नव्हता.