गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर : हिमप्रदेशातील मोटारीचा इतिहास

१. गेल्या आठवड्यात विनिपेगहून मावसभावाने एक छायाचित्र पाठविले. त्याने नुकतीच घेतलेली जुनी फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी आणि तिच्या पुढच्या जाळीतून लोंबणारी, टोकाला प्लग असलेली वायर. सोबत दोन प्रश्न : "ही वायर कसली? आणि हिवाळी टायर पुढचे दोनच घेतले तर चालतील ना?" पहिला प्रश्न कुतूहलाचा होता, दुसरा जिवाशी संबंधित. दोहोंची उत्तरे इतिहासात आहेत. म्हणून हा धागा.

२. इंजिनाचे वजन आणि शक्ती दोन्ही पुढच्या चाकांवर ठेवण्याची कल्पना बर्फासाठी जन्मली नव्हती. जर्मनीची डीकेडब्ल्यू एफ-१ (१९३१) आणि फ्रान्सची सित्रोएन ट्रॅक्सियाँ आव्हाँ (१९३४) यांनी ती लोकांपर्यंत नेली. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा गेला आणि गाडीचा तळ खाली आला. बर्फावरचा लाभ हा जोडीला मिळाला.

३. तो लाभ ओळखला स्वीडनने. १९३७ साली विमाने बांधण्यासाठी स्थापन झालेली साब कंपनी महायुद्धानंतर मोटारींकडे वळली. अभियंता गुन्नार ल्युंगस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या साब ९२ चे उत्पादन डिसेंबर १९४९ मध्ये सुरू झाले. दोन सिलिंडरांचे इंजिन, ७६४ घनसेंटिमीटर, शक्ती अवघी २५ अश्वशक्ती. तिची वारसदार साब ९६ घेऊन एरिक कार्लसन यांनी १९६२ आणि १९६३ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. बर्फात शक्तीपेक्षा पकड श्रेष्ठ, हे युरोपने पाहिले.

४. परंतु या यशातून एक गैरसमजही रुजला : 'पुढची चाके ओढतात, म्हणजे गाडी सुरक्षित.' अशा गाडीचे सुमारे ६० टक्के वजन पुढे असते, त्यामुळे ती बर्फातून निघते चांगली, चढही चढते. थांबताना आणि वळताना मात्र चारही चाके लागतात, आणि मागची दोन मुळातच हलकी असतात. गाडी बर्फातून बाहेर निघाली, एवढ्यावरून ती वेळेवर थांबेल असे मानता येत नाही.

५. थांबण्याचा प्रश्न सोडविला रबराने. १९३४ साली फिनलंडमधील रबर कारखान्याने मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर बनविला. जगातील पहिला हिवाळी टायर म्हणून तो ओळखला जातो. १९३६ साली छोट्या मोटारींसाठीचा टायर आला. त्याचे नाव हाक्कापेलिट्टा.

६. हे नाव सतराव्या शतकातील. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडोल्फ याच्या सैन्यातील फिनिश घोडदळाला 'हाक्कापेलिट्टा' म्हणत. त्यांच्या 'हाक्का पाल्ले' या रणगर्जनेवरून ते पडले. अर्थ साधारण 'तुटून पडा'. हा राजा सैन्यासह जर्मनीत उतरला १६३० साली, म्हणजे शिवजन्माच्याच वर्षी.

७. हिवाळी टायरचे रहस्य नक्षीइतकेच रबरात आहे. साधारण ७ अंश सेल्सियसखाली उन्हाळी टायर ताठर होतो, हिवाळी टायर लवचीक राहतो. आता दोनच टायरांचा हिशेब पाहा : पुढची चाके रस्ता धरतात, मागची धरत नाहीत. उतारावर किंवा वळणावर ब्रेक दाबताच गाडीची शेपूट पुढे यायला बघते. कॅनडातील क्यूबेक प्रांताने २००८ साली हिवाळी टायर सक्तीचे केले, तेही सर्व चाकांना.

८. दुसरा शत्रू पाणी. गोठताना ते प्रसरण पावते आणि इंजिनाचा ओतीव ठोकळा फोडू शकते. आरंभी लोक रेडिएटरमध्ये मद्यार्क मिसळत, पण तो तापून उडून जाई. पुढे एथिलीन ग्लायकॉल आले. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. गंमत अशी की निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या सुमारासच गोठते. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने नुसतेच पाणी ओतत राहिलेले असू शकते. म्हणून मिश्रण मोजून घ्यावे.

९. तिसरा शत्रू घट्ट झालेले तेल. कॅनडाच्या उत्तरेतील वैमानिक रात्री इंजिनातील तेल काढून घेत आणि सकाळी तापवून पुन्हा ओतत. मोटारीसाठी सोपा उपाय काढला नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी. इंजिनालाच विजेने ऊब देणाऱ्या हीटरचे पेटंट त्यांना १९४९ साली मिळाले. भावाच्या गाडीच्या नाकातली वायर ती हीच. विनिपेगमध्ये अनेक वाहनतळांवर त्यासाठी विजेचे खांब असतात. निघण्यापूर्वी तीन-चार तास जोडणी पुरते. वायर चिरलेली नसावी आणि निघताना प्लग काढण्याचा विसर पडू नये. तेलाच्या डब्यावरील '५डब्ल्यू-३०' मधला 'डब्ल्यू' म्हणजेही विंटर, हिवाळा.

१०. चौथी बाब बॅटरी. उणे १८ अंशांना तिची शक्ती निम्म्याच्या आसपास येते आणि नेमके तेव्हाच घट्ट तेलामुळे स्टार्टरला अधिक जोर लागतो. पुरती उतरलेली बॅटरी शून्याखाली काही अंशांतच गोठून फुटू शकते. पूर्ण भारित बॅटरी मात्र उणे ६० पर्यंत तग धरते.

११. जुनी गाडी म्हणजे आधीच्या मालकाचे दप्तरच. टायरच्या कडेवरील चार आकडे वाचावेत : '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी वर उचलून ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात, कारण रस्त्यावर टाकलेले मीठ बर्फ वितळविते आणि लोखंडही खाते. आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना शिकवितात की कागद काय सांगतो यापेक्षा त्यावर कशाच्या खुणा आहेत ते आधी पाहा. गाडीलाही हाच नियम लागू.

१२. भावाला एवढे सगळे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "दादा, चार टायरांचे पैसे आत्ता नाहीत." मी म्हटले, "मग पैसे जमेपर्यंत बसने जा." काल निरोप आला : चारही घेतले, दोन हप्त्यांत. आपल्यापैकी कुणाचे आप्त यंदा पहिल्याच हिवाळ्याला सामोरे जात असतील, तर हा धागा त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावा.