मराठी ख्रिस्ती साधकांची वाट : काशी ते केडगाव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या वाटचालीचा आढावा असावा, जुन्या कार्यकर्त्यांचे स्मरण असावे, हे रीतीला धरूनच आहे. तीत ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांविषयीचा लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. आमचे उत्तर सरळ आहे. मराठी मुलखाबाहेर गेलेल्या माणसांचा इतिहास सांगताना आपण ग्वाल्हेर-इंदूरचे सरदार, काशीचे शास्त्री, रेल्वे व टपाल खात्यांतील नोकरदार यांची आठवण काढतो. पण ज्यांनी देश सोडला आणि पुढे धर्मही बदलला, त्यांचे नाव आले की आपण पान उलटतो. वास्तविक एकोणिसाव्या शतकातील ज्या मराठी धर्मांतरांची चर्चा सर्वांत अधिक झाली, त्यांपैकी तिघांच्या मनाला नवे वळण लागले ते मराठी प्रदेशाबाहेर : एकाच्या काशीत, दुसरीच्या आसामातील सिल्चर गावी आणि तिसऱ्याच्या राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीच्या डब्यात.

धर्मांतर योग्य की अयोग्य, हा वाद येथे घालण्याचा आमचा हेतू नाही. तो वाद त्या काळी पुष्कळ झाला व अजूनही संपलेला नाही. आम्हांस आकर्षण वाटते ते पुढच्या भागाचे. बाप्तिस्मा हा एका दिवसाचा विधी. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे ही माणसे कशी जगली, कोणाशी भांडली, कोणत्या भाषेत प्रार्थना केली, हे पाहिले म्हणजे त्यांच्या श्रद्धेची खरी परीक्षा कोठे झाली ते कळते. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या चर्चला ‘मंडळी’ म्हणतात. आमच्या मंडळाला आणि त्यांच्या मंडळीला एकच शब्द मिळावा, हा योग आम्हांस गमतीचा वाटतो.

पहिले नाव नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे. त्यांचा जन्म १८२५ साली बुंदेलखंडात झाला. घराणे चित्पावन, चुलते बांद्याच्या नबाबाच्या पदरी मोठ्या अधिकारावर, कुटुंबाचे वास्तव्य काशीत. घरात पैसा होता आणि विद्याही होती. तरुण नीळकंठ न्याय व वेदान्त शिकून तयार झाला, तेव्हा काशीत मिशनरी रस्त्यावर उभे राहून उपदेश करीत असत. त्यांचे तोंड बंद करावे या उद्देशानेच तो विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याकडे गेला. त्यापूर्वी जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा ख्रिस्ती धर्माचे मंडन करणारा ग्रंथ चक्क संस्कृतात लिहिला होता. नीळकंठाने त्याला ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या संस्कृत ग्रंथाने उत्तर दिले. त्या वेळी त्याचे वय वीस वर्षांच्या आसपास होते. हिंदू धर्माच्या बाजूने झालेल्या त्या काळच्या खंडनांत हा ग्रंथ अभ्यासक आजही वरच्या प्रतीचा मानतात.

खंडनासाठी वाचावे आणि वाचता वाचता मन डळमळावे, असे त्याचे झाले. आतल्या आत काही वर्षे झगडून १४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही काशीत नव्हे, तर जौनपुरास. नाव नेहेम्या ठेवले गेले. वृद्ध वडिलांना, आप्तांना काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, पण संसार फार दिवसांचा नव्हता. १८५३ मध्ये काशीत एका मुलीला जन्म देऊन त्या थोड्याच काळात वारल्या.

यानंतर गोऱ्हे महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला जाऊन आले. १८६० साली त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहिला. त्यात सहाही दर्शनांचे खंडन आहे. म्हणजे ज्या शास्त्रांची बाजू घेऊन हा माणूस लढावयास निघाला होता, त्यांच्याविरुद्ध आता तीच हत्यारे तो चालवीत होता. खंडनातील काही भाग आम्हांस अन्यायाचा वाटतो, विशेषतः वेदान्तावरील. परंतु ज्याचे खंडन करावयाचे ते आधी नीट शिकले पाहिजे हा जुना दंडक त्यांनी मोडला नाही, आणि मिशनऱ्यांच्या त्या काळच्या पुष्कळ पत्रकांविषयी तसे म्हणता येत नाही.

मात्र गोऱ्हे यांच्या चरित्रातील मर्म ग्रंथांत नाही. शंका या माणसाची पाठ कधीच सोडीत नव्हती. हिंदू असताना ख्रिस्ताने गाठले, आणि ख्रिस्ती झाल्यावर पुन्हा प्रश्नांनी गाठले. ज्या पंथाने बाप्तिस्मा दिला तो सोडून ते हळूहळू अँग्लिकन चर्चमधील जुन्या कर्मकांडाकडे व संन्यस्त जीवनाकडे वळले. १८७० मध्ये कलकत्त्यास त्यांना पूर्ण धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १८७६ साली ते इंग्लंडमधील काउली येथील मठवासी संघात उमेदवार म्हणून राहिले, पण अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. एका मठाच्या उंबऱ्यावर आयुष्यभर उभा राहिलेला हा संन्यासी पुढे इंदूर, पुणे, मुंबई असा हिंडत राहिला, अत्यंत साधेपणाने जगला आणि १८९५ साली मुंबईत वारला. ‘फादर गोऱ्हे’ या नावाने पुण्याच्या सुशिक्षितांना ते परिचित होते. प्रार्थनासमाजाच्या मंडळींशी त्यांचे वाद होत.

त्यांच्या मुलीची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. एलन लक्ष्मी असे तिचे नाव. आईविना वाढलेली ही मुलगी इंग्रज घरांत लहानाची मोठी झाली, शिक्षणासाठी इंग्लंडला गेली आणि १८८० मध्ये हिंदुस्थानात सेवेसाठी परत आली. तिची स्तोत्रे इंग्रजीत आहेत, आणि त्यांपैकी एक तर इंग्रजी भाषिक चर्चमधून दूरदूर गाइले गेले. बाप काशीचा शास्त्री, मुलगी इंग्रजी कवयित्री. आपल्या मुलांनी घरी कोणती भाषा बोलावी, याची चिंता ज्यांना महाराष्ट्राबाहेर दररोज पडते, त्यांना या एका पिढीच्या अंतराचा अर्थ समजावून सांगावयास नको.

गोऱ्हे यांचे लेखन जिच्या निर्णयास कारण झाले, ती पंडिता रमाबाई. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले, पाठोपाठ बहीण गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास पायी हिंदुस्थानभर हिंडत, पुराणे सांगत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ १८८० मध्ये ढाक्यास वारला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चरच्या त्यांच्या घरात पुस्तकांमध्ये तिला लूकचे शुभवर्तमान बंगाली भाषेत सापडले. पतीला ते आवडले नाही. १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेला आणि रमाबाई तान्ह्या मनोरमेला घेऊन पुण्यास आल्या. पुढे इंग्लंडला जाऊन २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

येथपर्यंतची कथा अनेकांना माहीत असते. वाँटेजच्या मठातील भगिनींशी त्यांची पुढे जी खडाजंगी झाली, ती मात्र थोड्यांनी वाचलेली असते. बाप्तिस्मा दिला म्हणजे ही मुलगी आता आपल्या आज्ञेत राहील, अशी त्या भल्या बायांची समजूत होती. रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर प्रश्न केले, बिशपांचा अधिकार आपल्या सद्सद्विवेकावर चालणार नाही असे कळविले, मांसाहार नाकारला. इतकेच नव्हे, तर गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असाही तंटा मांडला. सनातन पंडितांपुढे जी मान वाकली नाही, ती बिशपांपुढेही वाकली नाही. आमच्या मते रमाबाईंच्या श्रद्धेचा हाच खरा पुरावा होय. ज्याला लोभ असतो तो आश्रयदात्याशी भांडत नाही.

१८८९ साली मुंबईत शारदासदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले, आणि १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या कारणावरून रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी अंग काढून घेतले. दोन्ही बाजूंना त्यांचा त्यांचा न्याय होता. रमाबाईंनी धर्म शिकविण्याची सक्ती केली नसली, तरी त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे, आणि मुली जात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व निराधार मुली गोळा करून केडगावच्या माळावर घेऊन आल्या. तेच मुक्तिसदन.

तेथेच त्यांनी अखेरचे मोठे काम केले : मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर. संस्कृत ज्यांच्या जिभेवर खेळे, त्या रमाबाईंनी यात संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. खेड्यातील अडाणी बाईला ऐकताक्षणी कळावे एवढीच त्यांची अट. जुळारी काम मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केले. भाषांतर काही ठिकाणी ओबडधोबड वाटते आणि मंडळ्यांनी ते फारसे स्वीकारले नाही. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर आला तो १९२४ साली.

नारायण वामन टिळकांकडे वळण्यापूर्वी बाबा पदमनजींचा निर्देश केला पाहिजे. बेळगावच्या कासार कुटुंबातील हे गृहस्थ तरुणपणी मुंबईच्या परमहंस सभेत होते. तेथे सभासद बंद दाराआड ख्रिस्त्याने भाजलेला पाव खाऊन जातिबंधन मोडीत आणि बाहेर येऊन निमूटपणे आपापल्या जातीत वावरत. पदमनजींना हे पुरेसे वाटले नाही. १८५४ साली ते उघडपणे ख्रिस्ती झाले आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख त्यांनी मराठी कादंबरीच्या आरंभीच नोंदवून ठेवले.

टिळकांना १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. बोलणे कवितेपासून निघून धर्मावर आले, आणि उतरताना त्याने ‘नवा करार’ हाती ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरी पत्नी लक्ष्मीबाई व लहान दत्तू. सुमारे साडेचार वर्षे नवराबायको वेगळी राहिली. तिला नातलगांचा आसरा, त्याला नगरच्या मिशनचा.

नगरात टिळकांनी जे केले ते मराठी चर्चला जन्मभर पुरले. तोवर उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली, ओढाताणीने भाषांतर केलेली गीते पुष्कळ होती. टिळकांनी अभंग, ओव्या, भजने दिली. ‘उपासना संगीता’त त्यांची दोनशेहून अधिक पदे आहेत. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. परंतु परदेशी मिशनच्या पगारावर राहून स्वदेशी मंडळी उभी राहणार नाही, हे त्यांना सलत राहिले. १९१७ साली त्यांनी पगार सोडला, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना एकत्र बोलावले. तो दरबार भरण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी ते वारले.

लक्ष्मीबाईंची वाट आमच्या मते या सर्वांहून अवघड होती, कारण ती पोथ्यांतून गेली नाही, स्वयंपाकघरातून गेली. पतीकडे परत आल्यावरही त्यांचे सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी चालूच होते. टिळकांनी सक्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यायल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हे पाणी कोणाच्या हातचे, याचा विचार केला पाहिजे. गोऱ्हे, रमाबाई, टिळक ही मंडळी ब्राह्मण, लिहिती, म्हणून त्यांच्या कथा शिल्लक आहेत. नगर जिल्ह्यातील मंडळ्या मात्र बहुतांशी महार व मांग समाजातून आलेल्या कुटुंबांच्या होत्या. चावडीपाशी, माळावर, झाडाखाली शाळा चालविणारे त्यांच्यातील शिक्षक, गावोगाव पायी हिंडणारे उपदेशक, बायबल वाचून दाखविणाऱ्या बाया यांच्यावर चर्चचा खरा भार होता. त्यांनी काय सोडले, काय मिळविले, गावाने त्यांना विहिरीवर कसे वागविले, हे मोठ्या ग्रंथांत फारसे सापडत नाही. लक्ष्मीबाईंच्या घरात मात्र ती माणसे बसलेली, जेवलेली, भांडलेली दिसतात.

शाळेचे तोंड क्वचितच पाहिलेल्या या बाईने पतीच्या पश्चात त्यांच्या अपुऱ्या ‘ख्रिस्तायना’चे बहुतेक सर्व अध्याय लिहिले. मुलाला वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, त्यासाठी त्या आठवणी काढीत गेल्या, आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ तयार झाली. १९३४ पासून ती चार भागांत प्रसिद्ध होत गेली. १९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई निवर्तल्या. ज्या घरांत ख्रिस्ती माणसाचे पाऊल कधी पडले नव्हते, त्या घरांतील बायका दुपारच्या वेळी हे पुस्तक एकमेकींना वाचून दाखवीत व हसून हसून पुरेवाट करून घेत. मराठी मुलखाबाहेरच्या मंडळांच्या जुन्या ग्रंथालयांतही ते बहुधा सापडते, आणि सापडते तेव्हा त्याची पाने हाताळून मऊ झालेली असतात.