नाव वापरण्याआधी

मी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये पोती वाहतो. पाळी सुटली की वाचतो, लिहितो. मागं एका भीमजयंतीला वस्तीत कविता म्हटली. त्यात सावकाराला मी विषारी नाग म्हटलं होतं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मांडवाच्या कडेला बसलेला एक म्हातारा मात्र गप्प. नंतर जवळ बोलावून म्हणाला, "बाबू, नाग कोन होते, मालूम हाये का तुले?"

मला मालूम नव्हतं. मित्रांनो, तिथून माझं शिक्षण सुरू झालं.

१५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरच का निवडलं ते सांगितलं. बुद्धाचा धम्म देशात पसरवला तो नाग लोकांनी, आणि हा मुलूख त्यांचा. आता महाभारत उघडा. कृष्ण-अर्जुन खांडववन जाळतात, त्यात नाग होरपळतात. पुढं जनमेजय यज्ञ मांडतो, त्यातही नागच जळतात. बौद्ध कथेत मात्र मुचलिंद नाग भर पावसात बुद्धाभोवती वेटोळं घालतो, डोक्यावर फणा धरतो. नाव एकच. तिकडं जाळायचं, इकडं आसरा देणारं.

ही कथा काही लांबची नाही. आपल्याच जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या पवनीला, जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वीचा स्तूप निघाला. तिथल्या दगडावर मुचलिंद नाग कोरलेला, आणि नाव ब्राह्मीत लिहिलेलं. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या नदीकाठी हे नाव आदरानं कोरलं, आणि मी ते सावकाराला देऊन बसलो होतो!

नावं हिसकावली जातात, तशी परतही घेता येतात. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त हेच केलं. पुराणात वामन बळीला पाताळात ढकलतो अन् देव ठरतो. जोतीरावांनी बळीला रयतेचा राजा म्हणून उभं केलं, येशू ख्रिस्तालाही बळीच्या रांगेत आणून बसवलं. बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या १९३६ च्या भाषणात शंबूकाची हत्या पुढं आणली. तप केलं म्हणून रामानं मारलेला तो शूद्र.

आपल्या कवितांत क्रूसही येतो. वस्तीतलं पोरगं विचारतं, हे चर्चचं चिन्ह आपल्या कवितेत कशाला? त्याला सांगा, चर्चच्या आधी क्रूस ही रोमन राजवटीची शिक्षा होती, गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची. स्पार्टाकस नावाच्या गुलामानं बंड केलं. ते मोडल्यावर, इसवी सनापूर्वी ७१ साली, त्याच्या सुमारे सहा हजार साथीदारांना रोमकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं क्रूसावर लटकवलं. येशूलाही तीच शिक्षा झाली. एवढं कळलं की क्रूस परका राहत नाही. खैरलांजीही आपल्याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात आहे. २००६ साली तिथं काय झालं, ते मी इथं सांगायला नको.

म्हणून म्हणतो, कवितेत किंवा गाण्यात एखादं जुनं नाव भेटलं की शोभेचं समजून पुढं जाऊ नका. ही गोष्ट कोणी सांगितली आणि तिच्यात मेलं कोण, हे विचारा. आणि स्वतः लिहिताना नाव आवाजासाठी उचलू नका. समोरच्या आयाबायांना ते माहीत नसेल तर दोन शब्दांत सांगा, मगच म्हणा. नाहीतर आपणही पोथीवाल्या पंडितासारखेच, लोकांना न कळणारं बोलणारे.

मी ती ओळ खोडली. सावकाराला आता सरळ सावकार म्हणतो. नाग मात्र ठेवला आहे कवितेत. तो पावसात उभा आहे, फणा धरून.